काटामारीला ‘चोरी’ म्हणावं का? आणि वधस्तंभावरचे ‘दोन चोर’

प्रश्न कोल्हापूरच्या एका वाचकाचा आहे. पाळकसाहेब उपदेशात म्हणाले, “उसाचा काटा मारणं हीसुद्धा ‘चोरी करू नको’ या आज्ञेतलीच चोरी.” वाचकाचं म्हणणं असं, की चोरी म्हणजे लपून दुसऱ्याची वस्तू उचलणं, आणि काट्यावर तर सगळं दिवसाढवळ्या, हातात पावती देऊन चालतं. मग हिला चोरी म्हणावं की फसवणूक? शिवाय ही आज्ञा सातवी की आठवी?

क्रमांकाचं आधी उरकतो. कॅथलिक आणि लूथरपंथी ती सातवी मोजतात. यहुदी, ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन आणि प्रेस्बिटेरियन आठवी. मूर्ती करू नको ही आज्ञा वेगळी धरली की क्रमांक एकानं पुढं सरकतो. मिशनरी वाइल्डर 1852 साली कोल्हापुरात आले आणि 1870 मध्ये त्यांचं काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडं गेलं, म्हणून इथल्या जुन्या मंडळ्यांत ‘आठवी आज्ञा’ रुळली. दोन्ही बरोबर.

आता जे दर गुड फ्रायडेला कानावर पडतं आणि दरवेळी खटकतं ते. “येशूबरोबर दोन चोरांना खिळलं.” नाही हो! मराठी बायबल उघडून बघा. मत्तय आणि मार्क दोघांतही ‘लुटारू’ आहे. ग्रीकमध्ये चोर म्हणजे ‘क्लेप्टेस’ आणि लुटारू म्हणजे ‘लेस्टेस’. योहान दहाव्या अध्यायात हे दोन शब्द शेजारीशेजारी वापरतो, कारण ते वेगळे आहेत. लेस्टेस म्हणजे हत्यारबंद वाटमारी करणारा. इतिहासकार जोसिफस तोच शब्द बंडखोरांना लावतो. येशूऐवजी सोडलेला बरब्बा लेस्टेस, मंदिराची झाली ती लुटारूंची गुहा, आणि यहूदा इस्कर्योत मात्र क्लेप्टेस, कारण थैली त्याच्याकडं होती आणि तो त्यातलं हळूच काढायचा. लूक त्या दोघांना नुसतं अपराधी म्हणतो. इंग्रजी धर्मोपदेशातून आलेला ‘चोर’ आपण घेतला आणि आपल्याच भाषांतरातला नेमका शब्द सोडून दिला. भुरट्याला आणि दरोडेखोराला मराठीत एकच शब्द चालतो असं कोल्हापुरात कुणाला सांगून बघा.

मूळ आज्ञा हिब्रूत दोनच शब्दांची आहे: ‘लो तिग्नोव’. धातू ‘गनाव’. चोरणे हा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर वेळ घालवत नाही. गंमत धातूच्या मुळाशी आहे. 19व्या शतकातल्या गेझेनियस या जर्मन अभ्यासकानं आपल्या हिब्रू कोशात गनावची तुलना अरबी ‘ज-न-ब’शी केली. ज-न-ब म्हणजे बाजू, आणि क्रियापद म्हणून बाजूला सारणं. हे मूळ आपल्या ओळखीचं आहे. उर्दू गझलेतला ‘जानिब’ त्यातलाच, ‘जनाब’ त्यातलाच आणि ‘अजनबी’सुद्धा, म्हणजे बाजूचा, बाहेरचा. मग गनाव म्हणजे ‘स्वतःसाठी बाजूला काढणं’. घरफोडी, अंधार, दबकी पावलं यातलं काही त्यात मुळातच नाही.

हा धागा सगळ्यांना पटत नाही. ध्वनी जुळला म्हणून अर्थ जुळला असं होत नाही, असा आक्षेप येतो. आक्षेप रास्त आहे, पण हिब्रूतला वापर त्यांनी बघावा. उत्पत्तीच्या 31व्या अध्यायात 19व्या ओवीत राहेल बापाच्या गृहदेवता चोरते आणि लगेच 20व्या ओवीत याकोब ‘लाबानाचं मन चोरतो’, म्हणजे त्याला चकवून निघून जातो. धातू दोन्हीकडं गनावच. मन कुणी झोळीत घालून नेत नाही. लाबानाचं लक्ष बाजूला सारलं, इतकंच घडलं. निर्गम 21:16 मध्ये तोच धातू माणूस पळवून विकण्याला लावलाय आणि त्याला देहदंड सांगितलाय. म्हणून जुन्या रब्बींनी, म्हणजे यहुदी धर्मगुरूंनी, दहा आज्ञांतली चोरी मुळात माणसाचीच धरली.

याच्या उलट टोकाला स्पेनमधल्या सेव्हिलचा बिशप इसिदोर. सातव्या शतकात त्यानं ठरवून टाकलं, की लॅटिन ‘फुर्’ म्हणजे चोर हा ‘फुर्वुस’ म्हणजे काळा यावरून आला, कारण चोर काळोखात फिरतो. तेराव्या शतकात धर्मपंडित थॉमस अक्विनासनं चोरीची व्याख्या ‘दुसऱ्याची वस्तू गुपचूप घेणं’ अशी करताना त्याच इसिदोरचा आधार दिला. व्युत्पत्ती साफ चुकीची आहे. फुर् हा ग्रीक ‘फोर्’चा भाऊ आणि दोघांचं मूळ आपल्या ‘भृ’चं, ज्यातून ‘भार’ आला. फुर् म्हणजे उचलून नेणारा. त्यात काळोख कुठून आणायचा? वाचकाला पडलेला पेच, “उघड घेतलं तर चोरी कशी?”, याच अंधारातून आलेला आहे.

मराठीनं ही चूक केलेली नाही. संस्कृत ‘चुर्’ धातूवरून पाणिनीय परंपरेत धातूंच्या अख्ख्या दहाव्या गणाचं, म्हणजे गटाचं, नाव ‘चुरादि’ पडलं, तो मान बाजूला ठेवू. मराठी माणूस ‘चोरणे’ कसं वापरतो ते बघा. अंग चोरून काम करणारा कुणाचं काय उचलतो? काहीच नाही. द्यायचे कष्ट तो मागं ठेवतो. नजर चोरणं, कामचोर, चोरकप्पा, चोरवाट: सगळीकडं जे समोर यायला हवं ते बाजूला राहतं.

आणि नव्या करारात अगदी हाच अर्थ घेऊन एक ग्रीक क्रियापद बसलंय: ‘नोस्फिझोमाई’. होमरच्या ग्रीकमधलं ‘नोस्फी’ म्हणजे दूर, बाजूला. तीताच्या पत्रात दासांना सांगितलंय की मालकाचं काही नोस्फिझोमाई करू नका. प्रेषितांच्या कृत्यांत हनन्या जमीन विकून आलेल्या पैशातला काही भाग ठेवून घेतो, तिथं हेच क्रियापद. यरीहोच्या लुटीतला माल लपवणाऱ्या आखानाच्या गोष्टीत तर दोन्ही शब्दांची गाठ पडते. यहोशवाच्या सातव्या अध्यायात हिब्रूत 11व्या ओवीत गनाव आहे, आणि जुन्या ग्रीक भाषांतरात पहिल्याच ओवीत नोस्फिझोमाई. त्यानं डेऱ्याखाली पुरलेली चांदी 200 शेकेल होती. शेकेल साधारण 11.3 ग्रॅमचा, म्हणजे सव्वादोन किलोच्या वर. माल देवाला वाहिलेला, कुणा माणसाचा नाही. तरीही चोरी, कारण वाहिलेल्या मालातून त्यानं तो स्वतःसाठी बाजूला काढला.

काट्याकडं येतो. भुईकाट्यावर गाडी भरून एकदा तोलतात, रिकामी करून पुन्हा, आणि वजाबाकी म्हणजे ऊस. समजा खरं वजन भरून 26 टन, रिकामं 8 टन; ऊस 18 टन. भरल्या गाडीचं 25.8 दाखवलं आणि रिकाम्या गाडीचं 8.1, तर पावतीवर 17.7 येतात. 300 किलो गेले, आणि कुठलाही एक आकडा डोळ्यावर येण्याइतका खोटा नाही. ही दुहेरी युक्ती आमोस संदेष्ट्यानं 8:5 मध्ये जशीच्या तशी पकडली आहे: एफा लहान करायचा आणि शेकेल मोठा. एफा हे धान्याचं माप, सुमारे 22 लिटरचं. ते लहान केलं की गिऱ्हाइकाला धान्य कमी. शेकेल हा पैशाची चांदी तोलायचा दगड. तो जड केला की गिऱ्हाइकाकडून चांदी जास्त. बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात 25:13 मध्ये थैलीत दोन तऱ्हेची वजनं बाळगायला मनाई आहे. हिब्रूत शब्दशः ‘दगड आणि दगड’. आपल्या ‘पासंग’मध्येही फारसी ‘संग’ म्हणजे दगडच बसलेला आहे.

एक खाच सांगायलाच हवी. या ठिकाणी गनाव शब्द येत नाही. लेवीय 19मध्ये 11व्या ओवीत गनाव आहे, 13व्यात ‘अशक’ (नाडणं) आणि ‘गजल’ (हिसकावणं), मजुराची मजुरी रात्रभर अडकवू नको हेही तिथंच, आणि खोटं माप 35व्यात. हे सगळं एका आज्ञेच्या छत्राखाली आणलं ते पुढच्या धर्मशिक्षणानं. 1563च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीत, म्हणजे प्रोटेस्टंटांच्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकात, खोटी वजनं आणि मापं चोरीत मोजली आहेत. 1647च्या वेस्टमिन्स्टर मोठ्या प्रश्नोत्तरीत, म्हणजे प्रेस्बिटेरियनांच्या स्वतःच्या ग्रंथात, खोट्या वजनांबरोबर शेजाऱ्याच्या हद्दीची खूण सरकवणं (आपल्याकडचं बांध कोरणं), साठेबाजी, लाच आणि आळससुद्धा आहे. तेव्हा पाळकसाहेब परंपरेला धरून बोलले. ‘मापात पाप’ हे मराठीत आहेच. काटामारीला चोरी म्हणायला भाषेची काहीही आडकाठी नाही.

कुठं चोरी होत नाही, तेही अनुवाद 23:24-25 मध्ये नेमकं दिलंय. शेजाऱ्याच्या मळ्यात पोटभर द्राक्षं खा, पण भांड्यात घालू नको. उभ्या पिकातली कणसं हातानं मोड, विळा लावू नको. आपल्याकडं फडात ऊस मोडून खाणाऱ्याला कुणी चोर म्हणत नाही आणि मोळी बांधणाऱ्याला सोडत नाही, तसंच हे. मत्तयाच्या 12व्या अध्यायात शिष्य कणसं मोडून खातात तेव्हा परूशी शब्बाथ मोडल्याची तक्रार करतात. चोरीचा आरोप एकही करत नाही. भांडं आलं की बाजूला काढणं आलं. अक्विनासही, जीव जायची वेळ आली असता उघड किंवा लपून घेतलेलं अन्न चोरी ठरत नाही असं म्हणतो, आणि इथं त्याचं मला पूर्ण पटतं.

शेवटी परत करण्याचं, कारण तिथंही चुकीचा शब्द फिरतोय. निर्गम 22 प्रमाणं चोरलेला बैल कापला किंवा विकला तर एकाचे पाच, मेंढराचे चार, आणि जनावर जिवंत सापडलं तर दुप्पट. स्वतःहून कबूल होणाऱ्याला लेवीय सहावा अध्याय मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा सांगतो; 10,000 लाटले असतील तर 12,000. जकातदार जक्कयानं स्वतःहून कबूल होऊनही चौपट देऊ केलं, म्हणजे पाचव्या हिश्श्याची सवलत त्यानं घेतली नाही. याला सर्रास ‘परतफेड’ म्हणतात. परतफेड कर्जाची होते. कर्ज देणाऱ्यानं राजीखुशीनं दिलेलं असतं. इथं ‘भरपाई’ म्हणा.