तास सोडू नकोस

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. आपल्या शिक्षक संघटनेच्या तालुका कार्यवाहपदासाठी तुझं नाव पुढं आलंय आणि 'घेऊ का, सर?' असं तू विचारलंयस. जरूर घे. फक्त वेळापत्रकातला एकही तास सोडू नकोस. निवड झाली की मुख्याध्यापक आपणहून म्हणतील, "मॅडम, आता तुम्हाला फिरावं लागणार. आठवीचं गणित दुसऱ्या कुणाला देऊ या." त्यांना हसून नाही म्हण. तुझे तास शेवटी स्टाफरूममधल्या सगळ्यात गरीब माणसाच्या गळ्यात पडतील. म्हणजे वीस किंवा चाळीस टक्के अनुदानावरच्या, अर्धवट पगारावर पूर्ण वेळ राबणाऱ्या तुझ्याच सहकाऱ्याच्या. मग त्याच्या हक्कासाठी तू भाषण करशील तेव्हा तो टाळ्या वाजवेल, पण मनात काय म्हणेल ते तुला कळणार नाही.

आपल्यातले कितीतरी पुढारी असे निसटले. आधी शनिवारचा तास गेला, मग सकाळचे तास गेले, मग हजेरीपत्रकावर सहीपुरतं शाळेत येणं राहिलं. गावात लोक त्यांना 'सर' म्हणत राहिले, पण ते कुठल्या वर्गाला शिकवतात हे कुणालाच सांगता येईना. अशा माणसाचं शिक्षणाधिकाऱ्यांपुढं वजन असतं, नाही असं नाही. पण अडचणीच्या दिवशी त्याच्या मागं पालक उभे राहत नाहीत.

आता खऱ्या कामाबद्दल. मोर्चा वर्षातून एखादा निघतो. बाकी वर्षभर संघटना म्हणजे दुसऱ्याची अडकलेली फाईल. कुणाची वैयक्तिक मान्यता, म्हणजे नेमणुकीला शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी, कुणाचा शालार्थ आयडी, म्हणजे ऑनलाइन पगारासाठी लागणारा क्रमांक, बारा वर्षांची वरिष्ठ वेतनश्रेणी, वैद्यकीय बिल, निवृत्त झालेल्या शिपायाचं पेन्शन प्रकरण. वेतन पथकात, म्हणजे आपली पगारबिलं काढणाऱ्या कार्यालयात, जाशील तेव्हा "साहेब मीटिंगला गेलेत" हे वाक्य इतक्यांदा ऐकशील की तुझंच तुला हसू येईल. तिथं आवाज चढवायचा नाही. अर्ज दोन प्रतींत न्यायचा, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घ्यायची. त्रुटी काढली तर म्हणायचं, "लेखी द्या." तोंडी त्रुट्या एकामागून एक निघतात. लेखी द्यायची म्हटली की टेबलावरचा माणूस सगळ्या एकदम आठवून लिहितो आणि काम एकाच खेपेत उरकतं. फाईल पुढं सरकवायला कुणी पैसे मागितले आणि आपलाच एखादा सभासद म्हणाला, "मॅडम, देऊन टाकू, तुम्ही फक्त पोचवा," तर त्या पाकिटाला हातसुद्धा लावू नकोस. २०२५ मध्ये नागपुरात बनावट शालार्थ आयडींचं प्रकरण उघडकीला आलं आणि अधिकाऱ्यांना अटका झाल्या, ते तू वाचलंच असशील. अशा बाजारात मधला माणूस लागतो, आणि ओळखीचा पुढारी त्यांना फार सोयीचा असतो.

१९७७ चा खाजगी शाळा कर्मचारी कायदा आणि १९८१ ची नियमावली विकत घे. पीडीएफ नको, पुस्तक घे, म्हणजे समासात लिहिता येतं. आमच्या पिढीनं हे पुस्तक पोथीसारखं वापरलं. राजीनाम्याचं कलम ७ आधी वाच. राजीनामा दोन प्रतींत, दोन्हींवर सही आणि तारीख, एक प्रत रजिस्टर पोस्टानं संस्थेला, दुसरी स्वतःजवळ. एवढा सोपस्कार का, असं वाटेल. मी नोकरीला लागलो त्या संस्थेत नेमणुकीच्या दिवशीच तारीख न घातलेल्या राजीनाम्यावर सही घेत. तो कागद संस्थाचालकांच्या कपाटात पडून असायचा. कुणी फार बोलायला लागला की वर तारीख पडायची. रजिस्टर पोस्टाची ती पावती या एका खोडीवरचा इलाज आहे. आजही कुणी रडत येऊन "सर, माझा राजीनामा घेतला" म्हणालं की माझा पहिला प्रश्न असतो, "पोस्टात कोण गेलं होतं?"

शाळा न्यायाधिकरणात अपील करायला आदेश मिळाल्यापासून तीस दिवस असतात. बडतर्फ झालेला शिक्षक पहिले पंधरा दिवस घराबाहेर पडत नाही आणि पुढचे दहा आमदारांच्या बंगल्यावर घालवतो. तू त्याला पहिल्याच आठवड्यात वकिलाकडं ने. चौकशी समितीत तिघं असतात. एक संस्थेचा, एक पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतला, आणि एक कर्मचाऱ्यानं स्वतः नेमलेला, तोही कुठल्याही खाजगी शाळेतला चालतो. हा तिसरा माणूस म्हणून लोक तुला बोलावतील. त्या खुर्चीत बसायचं असेल तर कागद वाचून जा. नुसतं आपल्या माणसाच्या बाजूनं मान हलवायला कुणीही चालतं.

मोठी भांडणं मात्र संस्थेशी नसतात, आपापसांत असतात, आणि त्यांचं मूळ ज्येष्ठता यादीत असतं. नियमावलीतलं ज्येष्ठतेचं परिशिष्ट, शेड्यूल एफ, पाठ कर. प्रवर्ग 'क' मधली ज्येष्ठता नुसत्या रुजू तारखेवर ठरत नाही, पदवी आणि बीएड मिळून त्या प्रवर्गात माणूस कधी आला त्यावर ठरते. मुख्याध्यापकपद रिकामं व्हायच्या आधी दोन वर्षं हा वाद धुमसत असतो आणि दोघंही तुझेच सभासद असतात. अशा वेळी कुणाच्याही घरी चहाला जायचं नाही. यादी, नियम आणि तारखा समोर ठेवून दोघांना एकत्र बसव आणि जे दिसतं ते दोघांच्या तोंडावर सांग. एक जण वर्गणीची पावती फाडणं बंद करेल. करू दे.

याहून अवघड एक गोष्ट आहे. कधीतरी एखाद्या मुलीची तक्रार येईल, शिक्षकाविरुद्ध. त्या संध्याकाळी दहा जण तुझ्या दारात येतील. "आपला माणूस आहे, निवेदन द्या, काळ्या फिती लावू." त्या माणसाला रीतसर चौकशी मिळाली पाहिजे, त्याची बाजू मांडायला माणूस मिळाला पाहिजे, नियमाप्रमाणे निर्वाह भत्ता मिळाला पाहिजे. यात तू कमी पडू नकोस. पण काळी फीत लावायची नाही. त्या मुलीच्या वर्गात दुसऱ्या दिवशी तुला तास घ्यायचा आहे, आणि तिच्याकडं बघून घ्यायचा आहे. मला विचारशील तर संघटनेची खरी परीक्षा इथंच होते, आणि बरेचसे पुढारी इथंच नापास होतात.

संपाबद्दल तू विचारलंयस. १९७७-७८ चा ५४ दिवसांचा संप आमच्या थोरल्यांनी डोक्यावर मिरवला, आणि त्यात तथ्य होतंच. पण तेव्हाचा पालक आणि आजचा पालक एक नाही. मार्च २०२३ मध्ये 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत आपण रस्त्यावर आलो तेव्हा बोर्डाच्या परीक्षा चालू होत्या. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नव्हती, त्यांची मागणी न्याय्यच होती. तरी १४ ते २० मार्च या दिवसांत गावागावांत जे ऐकायला मिळालं, ते तूही ऐकलं असशील. "यांना पगार किती आणि पेन्शन कशाला?" या प्रश्नाला व्यासपीठावरून उत्तर देता येत नाही. ज्याच्या पोराला तू भागाकार शिकवलास त्याच्याशी पारावर बसून बोललीस तरच देता येतं, आणि तेही संपाच्या आधी वर्षभर.

लांबचं एक उदाहरण सांगतो. कॅरेन लुईस या शिकागोतल्या बाईंनी सरकारी शाळांत बावीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं आणि २०१० मध्ये त्या तिथल्या शिक्षक संघटनेच्या अध्यक्ष झाल्या. संप करायचा तर एकूण सभासदांपैकी पंचाहत्तर टक्के लोकांनी होकार द्यायला हवा, असा कायदा तिथं झाला. शिक्षकांना हे जमणार नाही, हाच हिशेब होता. सुमारे नव्वद टक्क्यांनी होकार दिला. बाईंच्या लोकांनी आधी पगाराच्या जोडीनं वर्गातली गर्दी, ग्रंथालयं, उन्हाळ्यात तापणाऱ्या खोल्या असले विषय पालकांपर्यंत नेले होते. २०१२ च्या सप्टेंबरात शाळेचे सात दिवस संप झाला आणि पुष्कळ पालक शिक्षकांच्या बाजूनं उभे राहिले. सगळं जिंकलं असं मात्र नाही. पुढच्याच वर्षी शहरानं जवळपास पन्नास शाळा बंद केल्या. संघटना ते थांबवू शकली नाही. संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याच्या, १५ मार्च २०२४ च्या जीआरनंतर लहान पटाच्या शाळांचं काय होईल, या काळजीत आपण आहोतच. तेव्हा पालकांना आत्ताच भेटायला लाग.

प्राथमिकच्या शिक्षकांनाही विसरू नकोस. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं पाच वर्षांहून जास्त सेवा राहिलेल्यांना टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, दोन वर्षांत उत्तीर्ण होणं भाग पाडलं. पन्नाशीला टेकलेली माणसं अभ्यासाला बसलीत. त्यांची संघटना वेगळी, हे खरं. पण तुझं गणित चांगलं आहे. रविवारी दोन तास शिकव. निषेधाच्या पत्रकापेक्षा त्यांना त्याचा उपयोग जास्त होईल.

आणखी एक, बाई म्हणून. तुला 'महिला आघाडी प्रमुख' करतील, हार घालतील, आणि बैठक रात्री नऊला लॉजवर ठेवतील. ते पद घेऊ नकोस. कार्यवाह हो, नाहीतर कोषाध्यक्ष. दप्तर आणि पैसा ज्याच्या हातात, त्याला विचारल्याशिवाय संघटनेत काही हलत नाही. बैठक दुपारी चारला शाळेत घ्यायचा ठराव पहिल्याच सभेत मांड. वर्गणीचा हिशेब दर वर्षी सभेपुढं ठेव, चहाच्या बिलासकट.

विधान परिषदेचं खूळ आत्ताच डोक्यात शिरू देऊ नकोस. आपल्या राज्यात शिक्षक मतदारसंघाच्या सात जागा आहेत, आणि त्या सात जागांपायी सत्तर संघटना फुटल्या असं म्हटलं तर आमचे काही मित्र रागावतील. रागावू देत. तिकडं गेलेल्या काहींनी फार चांगलं काम केलं. पण निवडणूक जवळ आली की सभासद मतदार होतो, आणि माध्यमिकच्या खालच्या शिक्षकाला तर तिथं मतच नाही, त्यामुळं त्याचा फोन उचलायचा राहून जातो.

तुझ्या शाळेतल्या दोन नावांच्या क्रमाबद्दल तू लिहिलंस. कागद बघितल्याशिवाय मी काही बोलणार नाही. पुढच्या रविवारी ये. ज्येष्ठता यादी, दोघांचे मान्यता आदेश आणि बीएडच्या गुणपत्रिकांच्या झेरॉक्स आण. दोघांनाही सांगून आण.

तुझा,
सर