टोमॅटोची बुडं काळी पडतायत, ढबू मिरचीची पानं मुरडतायत, काय करू?
बुड काळं पडणं हा रोग नाही हो, पाण्याची गडबड आहे, आज कुंडी ठणठणीत कोरडी आणि उद्या बादलीभर पाणी असं झालं की फळापर्यंत कॅल्शियम पोचतच नाही. रोज सकाळी बोट घालून बघा, वरची इंचभर माती सुकली की पाणी द्या आणि बुंध्याभोवती उसाचं पाचट पसरा, कोल्हापुरात त्याला काय तोटा! ढबूची पानं वर वळली असतील तर बहुतेक फुलकिडे, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, खाली वळली तर कोळी कीड, लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल न थोडं साबणाचं पाणी घालून संध्याकाळी पानांच्या खालून फवारा, आठवड्यानं परत. युरिया नकोच, नुसता पाला माजतो. पुढची रोपं जुलैच्या धो धो पावसात नको, सप्टेंबर-ऑक्टोबरात लावा.