विधवेने स्वतःचीच कढई का विकत घेतली?

प्रश्न: अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातील एका शेतकरी कुटुंबाची जुनी कागदपत्रं वाचायला मिळाली. शेतकरी 1846 साली मृत्युपत्र न करताच वारला. मागे बायको आणि चार मुलं. सगळं शेत एका मुलाकडे गेलं. लिलावाच्या यादीत तांब्याची कढई घेणारी म्हणून खुद्द विधवेचं नाव आहे. आईला आणि बाकीच्या भावंडांना डावललं का?

– एक वाचक

उत्तर: भावंडांना डावललं नव्हतं. मृत्युपत्र नसेल तर मुलगे आणि मुली सगळ्यांना सारखा हिस्सा, असाच तिथला कायदा होता. अडायचं ते जमिनीपाशी. घर, कोठार आणि पाण्याचा झरा एकाच कडेला असले, की शेताचे चार तुकडे करून कुणाचंच भागत नाही. अशा वेळी ऑर्फन्स कोर्ट (नाव अनाथांचं असलं तरी सगळ्याच वारसांचं काम तिथे चाले) शेताची किंमत ठरवून घेई आणि ते एकाच वारसाला देई. आधी थोरल्या मुलाला विचारत, तो नको म्हणाला तर पाठच्यांना, मग मुलींना. घेणाऱ्याने इतरांचे पैसे चुकते करायचे.

समजा शेताची किंमत 3,000 डॉलर ठरली. त्यातला तिसरा हिस्सा, म्हणजे 1,000 डॉलर, आईच्या नावाने जमिनीवरच बोजा म्हणून राही. मुलाने तिला दरसाल सहा टक्क्यांनी 60 डॉलर व्याज द्यायचं. उरलेल्या 2,000 मध्ये प्रत्येकाचे 500, म्हणजे तिघा भावंडांचं 1,500 डॉलर देणं त्याच्या डोक्यावर. आई गेल्यावर त्या हजाराचेही चार वाटे. सगळं शेत मिळालेला मुलगा कर्जात बुडालेला असायचा. कित्येकांना ते झेपत नसे, मग शेत गहाण पडे किंवा विकावं लागे.

खरा अन्याय आईवर होता, आणि अशा याद्या वाचताना मला तो फार लागतो. जमिनीतला तिचा हक्क हयातीपुरताच. ते मुद्दल तिला मोडता येत नसे, कुणाच्या नावे करता येत नसे. घरातली भांडीकुंडी, अगदी तिने माहेरून आणलेलीसुद्धा, कायद्याने नवऱ्याची. म्हणून तीही मोजदादीत धरली जात आणि अंगणातल्या लिलावात शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर पुकारली जात. कर्जं फेडून उरलेल्या जंगम मालमत्तेचा तिसरा हिस्सा तिचा असे. पण तो पैशात. ज्या कढईत तिने वर्षानुवर्षं सफरचंदांचा मुरंबा आटवला, ती परत हवी तर तिच्यावर बोली लावायची. 1851 साली तिथे कायदा झाला आणि 300 डॉलरपर्यंतच्या वस्तू विधवेला बाजूला काढून ठेवता येऊ लागल्या. तुमच्या कागदातल्या बाईला तो पाच वर्षं उशिराचा.

लग्न झालेल्या बहिणी असतील, तर त्यांनी हिस्सा पोचल्याचं लिहून दिलेले कागद शोधा. पत्नीला मालमत्ता स्वतःच्या नावावर ठेवू देणारा कायदा तिथे 1848 साली आला. त्याआधी तिला मिळालेला रोख पैसा नवऱ्याच्या ताब्यात जाई. जमिनीवरचा हक्क सोडायचा असला, तर मात्र अधिकारी तिला नवऱ्यापासून बाजूला नेऊन विचारत, सही राजीखुशीने करतेस ना? तिच्या होकाराची नोंद कागदाच्या शेवटी, वेगळ्या परिच्छेदात असते. तो परिच्छेद जरूर वाचा.