वाद्यांच्या शंका : बेसचा खर्ज आणि पट्टी उतरवणारी पेडलं

नाशिक रोडच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. तालीम पांढरी ३ मध्ये होते आणि कार्यक्रमाच्या दिवशी गायकाचा घसा बसला की तेच गाणं पांढरी २ मध्ये घ्या म्हणतात. दोन गाण्यांच्या मध्ये तारा उतरवायला वेळ नसतो. पट्टी उतरवणारं पेडल (पायाने दाबून चालवायचा इलेक्ट्रॉनिक डबा) घ्यावं का?

पैसे खर्च करण्याआधी ते गाणं हात दोन फ्रेट (दांडीवरच्या धातूच्या आडव्या कांबी) मागे सरकवून वाजवून पाहा. निम्म्याहून जास्त गाणी तेवढ्यावर भागतात. कीबोर्डवाल्याला ट्रान्सपोजचं बटण लागतं, बेसवाल्याच्या बोटांतच ते असतं. अडतं ते मोकळ्या ई तारेवर. पांढरी ३ म्हणजे ई, आणि सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की तोच खालचा सा मिळतो, ४१.२ हर्ट्झचा. पांढरी २ चा सा म्हणजे डी, ३६.७ हर्ट्झ. चार तारांच्या बेसवर तो मुळात नाहीच. ए तारेच्या पाचव्या फ्रेटवरचा डी घेतला तर तो एक सप्तक वर, ७३.४ हर्ट्झवर वाजतो आणि गाण्याखालची जमीनच निघून जाते.

फुकटचा उपाय म्हणजे फक्त ई तार डी पर्यंत उतरवणं. ट्यूनर समोर असेल तर दहा-पंधरा सेकंदांचं काम आहे. त्या तारेवरचे सगळे सूर मात्र दोन फ्रेट पुढे सरकतात, ते डोक्यात ठेवावं लागतं. खुंटीच्या जागी बसणारा डी-ट्यूनर मिळतो, त्याचा खटका दाबला की तार नेमकी डीवर येते. रोजचंच दुखणं असेल तर पाच तारांचा बेस हा खरा इलाज. त्याच्या बी तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर हा डी सापडतो.

गाणंभर मोकळ्या तारांची नक्षी असेल आणि ती जशीच्या तशी हवी असेल, तेव्हा पेडल. डिजिटेक ड्रॉपसारख्या पेडलवर एक ते सात अर्धस्वर (एक फ्रेट म्हणजे एक अर्धस्वर) आणि पूर्ण सप्तक उतरवता येतं. तुम्हाला नॉब दोनवर ठेवायचा. चारही तारा मिळून दोन अर्धस्वर खाली जातात आणि बोटं तालमीतल्याच जागी राहतात.

आता अडचणी. पेडल आवाजाचे बारीक तुकडे घेऊन ते नव्या सुरात जोडतं. मोकळ्या ई ची एक लहर पुरी व्हायला २४ मिलिसेकंद लागतात, मोकळ्या जी ची साधारण १०. म्हणून जी तारेवर पेडल सफाईने चालतं आणि ई तारेवर आवाज किंचित डुगडुगतो, उशिराही येतो. दहा मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे अँपपासून साडेतीन मीटर लांब उभं राहिल्यासारखं, तेवढं चालतं. संथ गाण्यात कुणाला कळणारही नाही. जलद ठेक्यात किकच्या (पायाने वाजवायच्या ड्रमच्या) मागे पडतोय असं वाटलं तर नक्षी विरळ करा. दोन अर्धस्वर उतरवलेला बेस बेसच वाटतो. पाच उतरवले की चिखलातून आल्यासारखा येतो.

ट्यूनर पेडलच्या आधी लावा. नंतर लावलात तर मोकळी ई छेडल्यावर तो डी दाखवेल आणि तुम्ही घाईत बरोबर लागलेली तार बिघडवून बसाल. घरी कमी आवाजात सराव करताना लाकडातून ई आणि स्पीकरमधून डी असे दोन्ही ऐकू येतात, डोकं उठतं. हेडफोन लावा. स्विच एकदा दाबला की चालू राहतो की पाय त्यावर दाबलेला असेपर्यंतच चालतो, हेही आधी बघून घ्या. अर्ध्या गाण्यात पेडल बंद पडलं तर सगळे पांढरी २ मध्ये आणि तुम्ही एकटे ३ मध्ये.

ऑक्टेव्ह पेडल आणलं. वरच्या सुरांवर मस्त चालतं, पण जाड तारेच्या पहिल्या तीन-चार फ्रेटवर घुरघुरतं आणि मध्येच उडी मारून वरच्या सप्तकात जातं. पेडल खराब निघालं का? (सिडको)

नाही, ही त्या पद्धतीची मर्यादा आहे. १९८२ साली आलेल्या बॉस ओसी-२ पासून चालत आलेली अॅनालॉग ऑक्टेव्ह पेडलं लहरी मोजतात: येणाऱ्या दर दोन लहरींमागे स्वतःची एक काढतात. म्हणजे एक सप्तक खाली. मोजणी सोपी राहावी म्हणून एका वेळी एकच सूर आणि तोही स्वच्छ हवा. बेसच्या जाड तारेत गंमत अशी असते, की मूळ सुरापेक्षा त्याच्या दुप्पट कंपनांचा उपस्वर बऱ्याचदा जोरात असतो. पेडल चुकून तोच मोजतं आणि उडी बसते. सूर विझत जातो तेव्हाही हेच होतं, म्हणून शेपटीला घुरघूर.

तेव्हा पेडलला जे खायला देता ते सुधारा. गळ्याजवळचा पिकअप (तारेची कंपनं टिपणारा भाग) पूर्ण उघडा, ब्रिजजवळचा (तारा खाली अडकतात त्या टोकाजवळचा) बंद करा. बेसचा टोन नॉब निम्म्याच्या खाली आणा. उजवा हात ब्रिजकडून गळ्याकडे सरकवा. नखाने किंवा पिकने नाही, बोटाच्या मांसाने छेडा. न वाजणाऱ्या तारा डाव्या हाताने दाबून धरा, कारण शेजारची ए तार नुसती गुणगुणली तरी मोजणी फसते. कोऱ्या करकरीत राउंडवाउंड (गोल तारेचं वेटोळं असलेल्या, खरखरीत) तारांवर त्रास जास्त होतो, जुन्या किंवा फ्लॅटवाउंडवर (चपट्या वेटोळ्याच्या, गुळगुळीत) कमी. पेडलच्या आधी हलका कॉम्प्रेसर (आवाजाची पातळी सारखी ठेवणारं पेडल) लावला तर सुराची शेपटी लांबते आणि घुरघूर उशिरा सुरू होते.

एवढं करूनही मोकळ्या ए तारेच्या (५५ हर्ट्झ) खाली ऑक्टेव्ह वापरू नका, असंच आमचं मत. मोकळ्या ई चं खालचं सप्तक २०.६ हर्ट्झ. माणसाचा कानच २० च्या आसपास थांबतो, आणि मंडपातले स्पीकर त्याच्या बरेच आधी हात टेकतात. तो सूर कुणाला ऐकू जात नाही, पण अँपची ताकद खातो आणि स्पीकरचा कागद नुसता पुढे-मागे हलवतो. तीच नक्षी ए आणि डी तारेवर, पाचव्या फ्रेटच्या पुढे वाजवा. ओसी-२ च्या धर्तीचं पेडल असेल तर सुरुवातीला डायरेक्टचा (मूळ आवाजाचा) नॉब घड्याळातल्या दोनवर, ऑक्टेव्ह १ (एक सप्तक खालचा) अकरावर आणि ऑक्टेव्ह २ (दोन सप्तकं खालचा) शून्यावर ठेवा.

आणि मंडपात ऑक्टेव्ह अजिबातच ऐकू येत नसेल तर साउंडवाल्याच्या मिक्सरवर तुमच्या चॅनेलचं लो-कटचं बटण दाबलेलं आहे का ते बघायला सांगा. ते साधारण ७५ ते १०० हर्ट्झच्या खालचं कापतं. माइकसाठी ठीक, बेससाठी घात.

गणपतीच्या कार्यक्रमात जनरेटरवर सगळी पेडलं एकाच अॅडॉप्टरला जोडली की किणकिण आणि हम (घूं असा सततचा आवाज) येतो. सूर सरकवणारं पेडल कधी कधी चालूच होत नाही. (पंचवटी)

दोन वेगळे रोग आहेत. चालू होत नाही ते उपाशी असल्यामुळे. साध्या अॅनालॉग पेडलला थोडे मिलिअँपिअर पुरतात, डिजिटल सूर-पेडलला शेकड्यात लागू शकतात. पेडलच्या तळाशी आकडा छापलेला असतो. सगळ्यांची बेरीज करा आणि अॅडॉप्टर त्याच्या दीडपट घ्या. मिलिअँपिअर जास्त असले तरी बिघडत नाही, व्होल्ट जास्त असले तर बिघडतं. बहुतेक पेडलांना ९ व्होल्ट डीसी लागतो आणि पिनच्या मधोमध ऋण असतो. वायफाय राउटरचा अॅडॉप्टर तसाच दिसतो, पण त्यात मधोमध धन असतो आणि बऱ्याचदा १२ व्होल्ट. जुनं व्हॅमी (डिजिटेकचं सूर सरकवणारं पेडल) विकत घेत असाल तर आणखी सांभाळा: चौथ्या आवृत्तीला ९ व्होल्ट एसी लागतो, पाचवीला डीसी.

किणकिण येते ती डिजिटल पेडलचा कचरा त्याच वायरीतून शेजारच्या पेडलमध्ये जातो म्हणून. निदान त्या एका पेडलला वेगळा अॅडॉप्टर द्या. जमलं तर प्रत्येक वाट वेगळी असलेला आयसोलेटेड पॉवर सप्लाय घ्या. हम मात्र ५० हर्ट्झचा, अर्थिंगचा. ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी ४९ हर्ट्झचा असतो, त्यामुळे पांढरी ५ मधल्या गाण्यात हा हम लपतो आणि पुढच्या गाण्यात उघडा पडतो. ऑक्टेव्ह पेडल तर शांततेत तो हमच मोजून घुरघुरतं. डीआय बॉक्सवरचं (बेसचा आवाज मिक्सरला पोचवणाऱ्या डब्यावरचं) ग्राउंड लिफ्टचं बटण दाबून बघा, अँप आणि पेडलं एकाच बोर्डवरून घ्या. थ्री-पिनची अर्थिंगची पिन काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. पाऊस, ओला मंडप आणि हातात धातूच्या तारा आहेत.

पेडलांचा क्रम कसा लावायचा? (सातपूर)

बेस, ट्यूनर, कॉम्प्रेसर, ऑक्टेव्ह किंवा सूर-पेडल, मग ओव्हरड्राइव्ह (आवाज फाटका करणारं पेडल), कोरस, शेवटी डीआय. ओव्हरड्राइव्ह आधी लावलात तर उपस्वरांची गर्दी होऊन वर सांगितलेली मोजणी फसते.

सुराच्या पेडलवर डिट्यून करून (मूळ सुरात किंचित हललेला तोच सूर मिसळून) कोरससारखा जाड आवाज काढतो, पण खालचे सूर मध्येच गायब होतात. (इंदिरानगर)

मूळ आवाज आणि जवळजवळ त्याच सुराचा उशिरा आलेला आवाज एकमेकांना खातात. दहा मिलिसेकंद उशीर असेल तर नेमके ५० हर्ट्झवर, म्हणजे त्याच तिसऱ्या फ्रेटच्या जी वर. शिवाय मोकळ्या ई वर दहा सेंटचा (अर्धस्वराच्या दहाव्या भागाचा) फरक ठेवला तर आवाज दर चार सेकंदांनी फुगतो आणि बसतो. डिट्यूनचा आवाज साधारण २०० हर्ट्झच्या खाली कापून मूळ आवाजात मिसळा. पेडलमध्ये तशी सोय नसेल तर डिट्यून बाराव्या फ्रेटच्या वरच्या सुरांपुरतं ठेवा.