कृष्णद्रव्यामुळे गुरुत्वाकर्षण? आधी आकडा काढ

गुरुत्वाकर्षण कृष्णद्रव्यामुळे, म्हणजे न दिसणाऱ्या द्रव्यामुळे निर्माण होतं, ही तुझी कल्पना तपासायची तर पृथ्वीच्या वस्तुमानापासून सुरुवात करू नकोस. ते गुरुत्वावरूनच काढलेलं आहे, पुरावा गोल फिरतो. कॅव्हेंडिश या शास्त्रज्ञाचा गुरुत्वाची ओढ मोजणारा १७९८ चा प्रयोग घे: सुमारे १५८ किलोचे शिशाचे गोळे, तारेला टांगलेली दांडी, आणि ओढ साध्या शिशाचीच! तुझ्या कल्पनेत ती ओढ कुठून येते, हे आधी लिही.

मग देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिका. बेळगावजवळच्या जांबोटीच्या अंधारात, नोव्हेंबरच्या संध्याकाळी ती नुसत्या डोळ्यांनी दिसते. तिचं वस्तुमान केंद्राशीच असतं तर केंद्रापासून चौपट अंतरावर फिरण्याचा वेग निम्मा व्हायला हवा. व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड या खगोलशास्त्रज्ञांच्या १९७० च्या मोजणीत तो तसा उतरत नाही. म्हणून न दिसणारं जास्तीचं द्रव्य, म्हणजे कृष्णद्रव्य, मानतात. ते गुरुत्वाकर्षणाचं कारण असल्याचं यातून ठरत नाही.

दीर्घिकेतली अंतरं किलोपार्सेक या एककात देतात; आकडा काढताना त्यांचे मीटर करायला ३.०९×१०¹⁹ ने गुण. इथंच गणित फसू शकतं.