जुन्या मियाटाची साउंड सिस्टीम 500 डॉलरमध्ये सुधारायची, तर आधी काय बदलावे?

आपण 1995 ची माझदा मियाटा घेतली आहे, हाताशी 500 डॉलर आहेत, आणि आधी रेडिओ बदलावा, स्पीकर बदलावेत की सबवूफर (सर्वांत खालच्या स्वरांसाठीचा मोठा स्पीकर) बसवावा, असे आपण विचारले आहे. छप्पर उघडणाऱ्या गाडीत चांगल्या आवाजावर खर्च करणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे, असे आपले मित्र म्हणतात, हेही आपण जाता जाता लिहिले आहे. मी उत्तर लिहायला बसलो तो या शेवटच्या वाक्यामुळे. हेच वाक्य माझ्या थोरल्या भावाने मला 2015 साली ऐकवले होते. ते मला तेव्हाही पटले नव्हते आणि आजही पटत नाही.

माझे मत आधीच सांगतो. सबवूफर घेऊ नका, रेडिओ चालत असेल तर तूर्त राहू द्या, आणि पहिला पैसा दारांवर खर्च करा.

माझी गाडी 1994 ची, 1.8 लिटर इंजिनाची. घेतल्यावर वर्षभरात मी ती न्यू जर्सीतल्या घराजवळच्या एका दुकानात दिली. त्यांनी दारांत नवे स्पीकर, डिकीत बारा इंची सबवूफरची पेटी आणि वर ‘1000 वॅट’ छापलेला ॲम्प्लिफायर बसवला आणि 700 डॉलर घेतले. घरासमोर उभ्या असलेल्या गाडीत आवाज दणदणीत वाटला. त्याच उन्हाळ्यात दादा पुण्याहून आला होता. त्याला शेजारी बसवून, छप्पर उघडून, गार्डन स्टेट पार्कवेने समुद्राकडे निघालो आणि मोठ्या कौतुकाने सतार-तबल्याचे एक रेकॉर्डिंग लावले. गाडीने वेग घेतला तसा डग्ग्याचा घुमारा नाहीसा झाला आणि त्याच्या जागी नुसता धबधब असा आवाज उरला. दादा पाच मिनिटे गप्प बसला, मग म्हणाला, “अरे, हा डग्गा आहे की कोणी पत्रा बडवतंय? गाणं घरी बसून ऐकावं. उघड्या गाडीत वारा ऐकायचा.”

त्याचा कान पक्का आहे, हे मी आधीपासून मानत आलो आहे. खरोखरच पत्राच वाजत होता. चूक होती ती त्याच्या निष्कर्षात, आणि ते सिद्ध करायला मला शरद ऋतू उजाडेपर्यंत थांबावे लागले. ऑक्टोबरात उजव्या दाराचे आतले कव्हर खालच्या बाजूने फुगू लागले, म्हणून मी ते उघडले. या गाडीत ते कव्हर पातळ हार्डबोर्डचे असते आणि त्याच्यामागे काळ्या चिकट पट्टीने चिकटवलेला प्लास्टिकचा कागद असतो. काचेवरून ओघळणारे पावसाचे पाणी दाराच्या पोटात उतरून तळाच्या छिद्रांतून बाहेर जाते, आणि तो कागद हार्डबोर्डला त्या पाण्यापासून वाचवतो. दुकानातल्या माणसाने कागद मधोमध फाडून तसाच लोंबता सोडला होता. हार्डबोर्ड भिजून फुगला होता, नव्या स्पीकरच्या चुंबकावर गंज चढला होता, आणि स्पीकरच्या भोवती आतल्या पत्र्याला असलेली हाताएवढी भोके सताड उघडी होती.

दादाच्या पत्र्याचे उत्तर त्या भोकांत होते. स्पीकरचा पडदा पुढे हवा दाबतो तेव्हा मागे तीच हवा ओढतो, त्यामुळे पुढच्या आणि मागच्या लहरी एकमेकींच्या उलट असतात. मधला पत्रा बंद नसेल तर खालचे स्वर भोकांतून वळसा घालून एकमेकांना मारून टाकतात, आणि उरलेल्या जोरावर बाहेरचा पत्रा थरथरत राहतो. अशा दारात कितीही महाग स्पीकर बसवला तरी आवाज डब्यातूनच येणार.

मग दोन शनिवार-रविवार मी स्वतः खपलो. बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या अंगाला ॲल्युमिनियमचा वर्ख असलेल्या ब्यूटिलच्या (थरथर शोषणाऱ्या चिकट रबराच्या) पट्ट्या लावल्या. सगळा पत्रा झाकावा लागत नाही, पाव ते एक तृतीयांश भाग पुरतो. आतली भोके कापलेले प्लास्टिकचे पत्रे आणि ब्यूटिल लावून बंद केली, कुलपाच्या सळ्या आणि काचेची यंत्रणा मोकळी फिरते आहे हे पाहिले आणि वरून नवा प्लास्टिकचा कागद नीट चिकटवला. स्पीकर थोडा पुढे घेण्यासाठी लागणारी रिंग मी भाजी चिरायच्या प्लास्टिकच्या बोर्डातून कापली, कारण दबलेल्या भुशाची लाकडी रिंग त्या ओल्या जागेत फुगते. स्क्रू पक्के करण्यापूर्वी काच पूर्ण खाली घेऊन ती चुंबकाला घासत नाही ना, हे अवश्य पाहा. या गाडीचे स्पीकर दारात खाली, पोटऱ्यांच्या दिशेने असतात. त्यामुळे ट्वीटर (उंच स्वरांचा छोटा स्पीकर) वर वळवता येईल असे साडेसहा इंची स्पीकर निवडा.

ॲम्प्लिफायरवर छापलेल्या आकड्याला भुलू नका. शक्ती दुप्पट केली तर आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो, आणि आवाज कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट शक्ती लागते. म्हणून 1 वॅटला 1 मीटरवर 88 ऐवजी 91 डेसिबल देणारा स्पीकर घेतला तर ॲम्प्लिफायर न बदलताच तो दुप्पट केल्यासारखे होते. दर स्पीकरला खरे 50 वॅट आरएमएस (म्हणजे सलग देता येणारी शक्ती) देणारा लहान ॲम्प्लिफायर पुरेसा आहे. बॅटरी डिकीतच असल्याने वायर आखूड लागते, तेव्हा ती शुद्ध तांब्याचीच घ्या. माझा एकूण खर्च त्या वेळी 390 डॉलर झाला.

सबवूफरची पेटी मी काढून टाकली. जेमतेम 1000 किलोच्या गाडीच्या शेपटीवर तो भार मला मान्य नव्हता, आणि त्याची गरजही उरली नाही. काळी एकच्या तानपुऱ्याचा खर्ज 69 हर्ट्झच्या आसपास असतो आणि चालत्या गाडीत तेवढा खालचा स्वर टायरच्या घरघरीत बुडतो. पण त्याचे 138 आणि 207 हर्ट्झचे स्वरांश (मूळ स्वरासोबतच उमटणारे वरचे स्वर) दारातून स्वच्छ आले, तर खर्ज कानाला आपसूक सापडतो. स्पीकरला 80 हर्ट्झचा हाय-पास फिल्टर (त्याखालचे स्वर अडवणारा) लावूनही मला तो ऐकू येतो.

पहिले दार पूर्ण झाले त्या दिवशी मी दादाला व्हिडिओ कॉल करून दोन्ही दारे बोटाने ठोकून दाखवली. एक डब्यासारखे वाजले, दुसरे लाकडासारखे. तो म्हणाला, “दाराचं कबूल. पण वारा?” त्यावर माझे उत्तर असे की छप्पर उघडे असले तरी बाजूच्या काचा वर ठेवाव्यात आणि सीटच्या मागे वारा अडवणारी फळी लावावी, तेवढ्याने ताशी 80 किलोमीटरपर्यंत तबल्याचे बोल वेगळे ऐकू येतात. हायवेवर, छप्पर उघडे ठेवून, विलंबितातला हळुवार आलाप मात्र कोणत्याही सिस्टीमवर ऐकू येत नाही, एवढे मी त्याला मान्य केले आहे. आपल्याला इलेक्ट्रॉनिक संगीत आवडत असेल, तर सबवूफरविषयीचे माझे मत आपल्याला तंतोतंत लागू होणार नाही, हेही खरे.

रेडिओ नंतर बदलाल तेव्हा ॲम्प्लिफायरसाठी प्री-आउट (ॲम्प्लिफायरला सिग्नल देणारी जोडणी) असलेला घ्या. पॉझिटिव्ह वायरवर बॅटरीपासून 45 सेंटिमीटरच्या आत फ्यूज हवाच, कारण डिकीत ती वायर घासून शॉर्ट झाली तर थेट आग लागते. आणि ब्यूटिल लावताना दाराच्या तळाची पाण्याची छिद्रे बुजवू नका; माझ्या डाव्या दाराचे एक छिद्र बुजले होते आणि पुढच्या पावसात वळणावर दारातले पाणी खळखळताना ऐकू आले, तेव्हा ते मला कळले.