खिशात सापडलेल्या काड्या

"मॅडम, मुलगा तोंडावर खोटं बोलायला लागलाय. मोबाईल तपासू का त्याचा?"

आठवी-नववीतल्या मुलांचे आईवडील माझ्यासमोर बसले की पहिल्या दहा मिनिटांत हा प्रश्न बहुतेक येतोच. त्याला एका वाक्यात उत्तर देता येत नाही, म्हणून ही एक हकिकत सांगते. सांगलीतल्या एका शाळेत मी मंगळवारी आणि शुक्रवारी समुपदेशक म्हणून बसते, तिथली. मुलांची नावं बदलली आहेत, ओळख पटेल असे तपशीलही बदललेत, आणि दोन्ही मुलांना व त्यांच्या घरच्यांना विचारूनच लिहिते आहे.

मुलाला ओंकार म्हणू. नववीत. पाचवीपासून शाळेच्या समूहगानात. आठ मुलांचा गट, आणि त्यात वरचा स्वर लावायचा तर तो ओंकारनेच, असं चार वर्षं ठरून गेलेलं. डिसेंबरात आंतरशालेय स्पर्धा होती. दिवाळीची सुट्टी संपल्यापासून रोज संध्याकाळी साडेपाच ते सात सराव. ओंकार वेळेवर निघायचा, वेळेवर घरी यायचा. एक दिवस आईला बाजारात संगीताच्या बाई भेटल्या. त्या म्हणाल्या, "ओंकारची तब्येत बरी आहे ना आता? आठवडा झाला, दिसला नाही."

आईच्या पायाखालची जमीन सरकली. घरी येऊन तिने दप्तर झटकलं, पँटचे खिसे उलटे केले. खिशात कागदाच्या पुडीत तपकिरी काड्या निघाल्या. तिने त्या माझ्या टेबलावर ठेवल्या आणि रडू लागली. "कसलं व्यसन लागलंय याला?"

मी एक काडी उचलून वास घेतला. ज्येष्ठमध होता.

आई इतकी घाबरलेली होती की तिला घरात वर्षानुवर्षं असलेला ज्येष्ठमध ओळखू आला नाही. यात तिचा काही दोष नाही. पण मला त्या काडीने एक दिशा दिली. गाणारा मुलगा सराव चुकवतोय आणि घशासाठी ज्येष्ठमध चघळतोय. म्हणजे गाणं त्याला नकोसं झालेलं नाही.

तिला मी तेव्हा एवढंच सांगितलं, की मोबाईलला हात लावू नका आणि संध्याकाळी तो कुठे जातो हे बघायला पाठलागही करू नका. मला दोन आठवडे द्या.

आणि मग पहिली चूक मीच केली. शुक्रवारी ओंकार आईबरोबर आला, आणि मी आईच्या देखतच विचारलं, "गटात काही झालंय का?" त्याने मान हलवली ती हलवलीच. त्यानंतरच्या दोन भेटी तो माझ्यासमोर खुर्चीच्या टोकावर बसून घड्याळाकडे बघत होता. मुलाला एकट्याला भेटायच्या आधी असा प्रश्न विचारायचा नसतो, हे मला ठाऊक असूनही आईच्या घाईत मी घाई केली. ते दोन आठवडे त्या पोराचे वाया गेले, याचं मला आजही वाईट वाटतं.

चौथ्या भेटीत मी आधी माझे नियम सांगितले. तू इथे जे बोलशील ते आईला, बाईंना, मुख्याध्यापकांना सांगणार नाही. अपवाद तीनच: तू स्वतःला इजा करणार असशील, कुणी तुला इजा करत असेल, किंवा तुझ्यामुळे दुसऱ्या कुणाला धोका असेल. अठराच्या आतल्या मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं कळलं, तर 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ते कळवणं माझ्यावर बंधनकारक आहे, हेही त्याला सरळ शब्दांत सांगितलं. नववीतल्या मुलाला हे समजतं. उलट, सगळं गुप्त ठेवीन असं गोड आश्वासन दिलं की मुलं सावध होतात.

तो बराच वेळ गप्प होता. मग कुजबुजत्या आवाजात म्हणाला, "माझा आवाज गेला."

"असा हळू का बोलतोस?"

"जपून ठेवतोय."

हा मुलगा गेले वीस दिवस कुजबुजत होता. गरम पाण्याने इतक्या गुळण्या करत होता की टाळू सोलवटला होता. साडेपाच ते सात तो कृष्णेच्या घाटावर बसायचा, कुणी नसलं की वरचा षड्ज लावून बघायचा, आणि आवाज फाटला की दुसरी काडी तोंडात टाकायचा. गणेशोत्सवाच्या सुमारास पहिल्यांदा फाटला होता. त्याला वाटलं सर्दी आहे. मग सरावात तो नुसते ओठ हलवू लागला. बाकी सात जण गात असल्याने खपून जाईल असं वाटलं.

नाही खपलं. गटातल्या एका मुलीने, तिला मधुरा म्हणू, एका संध्याकाळी त्याचा आलाप फाटला तेव्हा मोबाईलवर तो टिपला. अकरा सेकंद. तिने एकाच मैत्रिणीला पाठवला. मैत्रिणीने मुलांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी वर्गात शिरताना मागच्या बाकावरून कुणीतरी तसाच आवाज काढला. ओंकारने त्या दिवसापासून सरावाला जाणं सोडलं.

आता आईच्या प्रश्नाकडे येते. तिने मोबाईल उघडला असता, तर त्या अकरा सेकंदांपर्यंत ती पाच मिनिटांत पोचली असती. आणि मग? मधुराच्या घरी फोन, शाळेत तक्रार, स्टाफरूममध्ये चर्चा. ज्या गोष्टीसाठी पोरगं घाटावर लपत होतं, ती अख्ख्या शाळेसमोर मांडली गेली असती, तीही त्याच्या आईच्या हातून. मूल काय लपवतंय यापेक्षा, सांगितलं तर आपलं काय जाईल असं त्याला वाटतंय, हे मी आधी शोधते. ओंकारला वाटत होतं की आवाज गेला म्हणजे गटातली जागा गेली, आणि जागा गेली की शाळेत आपल्याला दुसरी ओळखच नाही.

मोबाईल बघायची वेळ येतच नाही, असं मी म्हणत नाही. अनोळखी माणूस फोटो मागतोय, पैशांची धमकी आहे, मूल मरणाच्या गोष्टी करतंय, अशी शंका असेल तर बघायलाच हवं. पण मुलाला सांगून, त्याच्या शेजारी बसून. रात्री तो झोपल्यावर नाही.

ओंकारला मी कागदावर गळ्याचं चित्र काढून दाखवलं. साधारण बारा ते पंधरा या वयात मुलांचं स्वरयंत्र झपाट्याने वाढतं. आतले स्वरतंतू लांब होतात, जाड होतात, आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. मुलींचाही उतरतो, पण दोन-तीन स्वरच, म्हणून तो कुणाच्या लक्षात येत नाही. तंतू बदलले तरी स्नायूंना जुनीच सवय असते, म्हणून मध्येच आवाज चिरकतो. काही महिने, कधी वर्षभरही हे चालतं. या काळात ताणून वर गायचं नाही, ओरडायचं नाही आणि कुजबुजायचंही नाही, त्यानेही गळ्यावर ताणच येतो. जिथे सहज लागतो तिथेच, थोडा वेळ, गायचं. (वाचणाऱ्या पालकांसाठी: गिळताना दुखत असेल, घसा बसलेला तीन आठवड्यांनंतरही सुटत नसेल, किंवा बाकी सगळी वाढ होऊनही आवाज बारीकच राहिला असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. शेवटच्या तक्रारीवर वाचा-उपचारांनी फार चांगला गुण येतो.)

त्याने सगळं ऐकलं आणि विचारलं, "पण आवाज फुटला म्हणजे फुटलाच ना?"

हा प्रश्न माझ्या मनात राहिला. आपण 'फुटणे' काचेसाठी म्हणतो, तसंच पालवीसाठीही म्हणतो. मी ते त्याला सांगितलं खरं, पण माझ्या सांगण्याने फारसं काही झालं नाही. झालं ते त्याच्या आजोबांमुळे.

कुणाला आधी सांगायचं, हे मी त्याच्यावर सोडलं होतं. त्याने आजोबांना निवडलं. आजोबा जुने नाटकवेडे. सांगलीत ते नवल नाही, 1843 साली विष्णुदास भाव्यांचं सीतास्वयंवर, मराठीतलं पहिलं मानलं जाणारं नाटक, इथेच झालं. नातवाने घाबरत घाबरत सांगितलं, तर म्हातारा हसला आणि म्हणाला, "अरे, कंठ फुटलाय तुला! पोपटाला फुटतो तसा." मग नाटक कंपन्यांच्या गोष्टी निघाल्या. स्त्रिया रंगभूमीवर नसायच्या त्या काळात गोड गळ्याची पोरं कंपनीत घेत, ती नायिका व्हायची, आणि कंठ फुटला की कुणाला पुरुषभूमिका मिळायच्या, कुणाला पडद्यामागे जावं लागायचं. "पण कंपनीतून आधी कुणी पळून गेलं नाही बघ," असं आजोबा म्हणाले. हे ऐतिहासिकदृष्ट्या कितपत खरं ते सोडा. ओंकारला ते पुरलं. दुसऱ्या दिवशी तो आईशी बोलला, नेहमीच्या आवाजात. चिरकला, तरी बोलला.

मग बाई. त्यांच्याशी तो माझ्या खोलीतच बोलला. बाई ऐकून घेऊन म्हणाल्या, "मला दिसत होतं रे. ओठ हलत होते, आवाज नव्हता." तो बाहेर गेल्यावर त्यांचे डोळे भरले. स्पर्धा तोंडावर, काढून टाकलं तर पोरगं खचेल, ठेवलं तर गाणं बसत नाही, म्हणून त्या 'नंतर बघू' म्हणत राहिल्या. तो यायचा थांबला तेव्हा त्यांना थोडं सुटल्यासारखंही वाटलं होतं. हे त्यांनी स्वतःहून कबूल केलं, त्याचं मला फार मोल वाटलं. मुलांची लपवाछपवी आपल्याला पटकन दिसते. मोठ्यांची गप्प राहण्याची सवय मात्र समजूतदारपणात जमा होते.

मधुरा स्वतःच आली. दारात उभी राहून म्हणाली, "ते रेकॉर्डिंग मी केलं होतं. मला ओरडायचं असेल तर ओरडा."

ओरडण्यासारखं होतंच. दुसऱ्याची फजिती टिपून पाठवणं ही लहान गोष्ट नाही, आणि तसं मी तिला स्पष्ट सांगितलं. पण मग विचारलं, की त्या क्षणी मनात काय होतं? चार वर्षं ती ओंकारच्या मागे उभी होती. सुरुवातीचा आलाप चारही वर्षं त्याचा. आणि हे तिचं शेवटचं वर्ष होतं. वडिलांनी जूनमध्येच सांगून ठेवलं होतं की मार्चपासून दहावीचा क्लास, गाणं बंद. हे तिने गटात कुणालाच सांगितलं नव्हतं. "मला वाटलं, त्याला अजून पुष्कळ वर्षं आहेत. मला एकदाच हवं होतं."

पुष्कळ शाळांत अशा वेळी मुलीला सगळ्यांसमोर उभं करून माफी मागायला लावतात. मला ते मान्य नाही. त्याने एका फजितीच्या जागी दोन होतात. दोघांना मी समोरासमोर बसवलं ते दोघांनी होकार दिल्यावर, पाच दिवसांनी. मधुराने माफी मागितली, ग्रुपवर तसं लिहून रेकॉर्डिंग काढून टाकायला सांगणार असल्याचंही सांगितलं. ओंकार म्हणाला, "ते आता सगळ्यांच्या मोबाईलवर आहे." ते खरंच होतं, आणि त्यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. थोड्या वेळाने तो म्हणाला, "मागच्या वर्षी तुझा सूर लागला नव्हता तेव्हा मला बरं वाटलं होतं." मी मध्ये काही बोलले नाही.

स्पर्धेला नऊ दिवस उरले होते. गाण्याची पट्टी, म्हणजे सा जिथे धरायचा ती जागा, काळी चार; ओंकारसाठी उंच, पण मुलींमुळे ती खाली आणता येत नव्हती. बाईंनी आलाप मधुराला दिला आणि ओंकारला ध्रुवपदाच्या ओळी खालच्या सप्तकात गायला लावल्या, जिथे त्याचा आवाज न अडखळता लागत होता. दोन जागा त्याने गायच्याच नाहीत असं ठरलं. कुठे थांबायचं हे उघडपणे ठरलं की नुसते ओठ हलवायची गरज उरत नाही. नंबर आला नाही. मुलं दोन दिवस हिरमुसली.

मधुराच्या वडिलांना शाळेत बोलवायचं की नाही, यावर ती महिनाभर विचार करत होती. शेवटी म्हणाली, "क्लास सोडत नाही. रविवारचं गाणं राहू द्या, एवढंच सांगा. बाकी काही नको." मी तेवढंच सांगितलं. वडिलांनी विचारलं, "मार्क कमी पडले तर जबाबदारी कोण घेणार?" मी म्हटलं, ती हमी मी देऊ शकत नाही. ते स्पर्धेला येऊ शकले नव्हते, त्या दिवशी त्यांना दुकान बंद ठेवता आलं नव्हतं. बाईंनी केलेलं ध्वनिमुद्रण माझ्याकडे होतं. मधुराला आधी विचारलेलं होतं, म्हणून ते लावलं. ते मान खाली घालून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "परत लावता?"

दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "हिच्या मागे खालच्या आवाजात कोण गातंय?"